जेफरसनची वंशावळ आणि हेमिंग्जची साक्ष

१

नातीच्या जात पडताळणीसाठी मला वंशावळ लिहून द्यावी लागली. कागदाच्या वरच्या टोकाला मूळ पुरुष, त्याखाली त्याचे मुलगे, त्यांच्याखाली नातू, असे उतरत उतरत अर्जदारापर्यंत यायचे. आजोबांपर्यंत मी सहज गेलो. पणजोबांचे नाव कोतवाल बुकातल्या एका जन्मनोंदीत सापडले. त्यांच्या वर काहीच नव्हते. गावच्या पाटलांच्या घराण्याला दहा पिढ्या सांगता येतात. माझे घराणे चौथ्या पिढीत अंधारात जाते. आणि जे नाव सापडले त्याच्यापुढे जात लिहिलेली होती. जात लिहायची होती म्हणूनच बहुधा नाव लिहिले गेले असावे.

कागद पुरा झाल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. त्या झाडात एकही बाई नव्हती. ज्या आजीने मला वाढवले, जिने दुसऱ्याच्या शेतात राबून माझ्या बापाची फी भरली, तिच्यासाठी त्या कागदावर चौकटच नव्हती.

त्याच दिवसांत मी अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष टॉमस जेफरसन याच्या घराण्याचा इतिहास वाचत होतो. त्या घराण्याची एक वंशावळ सोनेरी चौकटीत लावण्याजोगी आहे. दुसरी वंशावळ गुलामांच्या धान्याच्या आणि कापडाच्या हिशेबवहीत दडलेली आहे. बाप एकच आहे. पहिली वंशावळ शाळेत शिकवली गेली. दुसरी खरी आहे हे मान्य व्हायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. का लागला, हा प्रश्न मला माझ्या अर्धवट वंशावळीजवळ घेऊन आला, म्हणून हा लेख.

अमेरिकेतल्या काळ्या माणसाचा प्रश्न आपल्याला परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक, गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या संयुक्त राष्ट्रसंघाकडील अर्जाविषयी विचारणा केली. १९७२ साली मुंबईत तरुणांनी संघटनेला नाव दिले तेही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. तेव्हा त्या देशाच्या मोठ्या घरात डोकावून पाहण्याचा आपला हक्क जुना आहे.

२

प्रथम सोनेरी चौकटीतले झाड पाहू.

जेफरसनचा जन्म १३ एप्रिल १७४३ रोजी व्हर्जिनियातील शॅडवेल येथे झाला. बाप पीटर जेफरसन हा जमीनदार आणि जमीन मोजणारा. आई जेन रँडॉल्फ. व्हर्जिनियात रँडॉल्फ हे नाव म्हणजे आपल्याकडच्या देशमुखी-सरदारकीसारखे होते. या घराण्याचा तिथला मूळ पुरुष विल्यम रँडॉल्फ सतराव्या शतकात इंग्लंडहून आला. त्याचा आणि त्याची बायको मेरी आयशम हिचा वंश इतका पसरला की त्यांना व्हर्जिनियाचे आदम आणि ईव्ह म्हणू लागले. जेफरसन, सरन्यायाधीश जॉन मार्शल आणि यादवी युद्धात दक्षिणेचा सेनापती झालेला रॉबर्ट ली हे तिघेही या एका झाडाची फळे आहेत. क्रांती, न्यायपीठ आणि गुलामगिरीसाठी उपसलेली तलवार, तिन्ही एका घरातून निघाली.

म्हातारपणी, १८२१ साली, आत्मचरित्र लिहायला बसल्यावर जेफरसनने आईच्या माहेरच्या लांबलचक वंशावळीची थोडी चेष्टा केली आहे. ज्याला तिच्यावर जेवढा विश्वास ठेवायचा तेवढा त्याने ठेवावा, असा त्याचा सूर आहे. मात्र हाच माणूस १७७१ साली, सत्तावीस वर्षांचा असताना, लंडनला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला आपल्या घराण्याचे मानचिन्ह शोधून आणायला सांगत होता. ज्याच्याकडे वंशावळ असते त्यालाच तिची थट्टा परवडते. ज्याच्याकडे ती नसते त्याला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

१ जानेवारी १७७२ रोजी जेफरसनने मार्था वेल्स स्केल्टन या तरुण विधवेशी लग्न केले. तिचा बाप जॉन वेल्स हा इंग्लंडातल्या लँकेस्टरहून आलेला वकील, जमीनदार आणि गुलामांचा व्यापारी. तो १७७३ साली मेला. जावयाच्या वाट्याला सुमारे अकरा हजार एकर जमीन, १३५ गुलाम आणि भलेमोठे कर्ज आले. मार्थाला जेफरसनपासून सहा मुले झाली. त्यांतल्या मार्था आणि मेरी या दोन मुलीच मोठ्या झाल्या. बायको १७८२ साली वारली. त्याने पुन्हा लग्न केले नाही. थोरल्या मुलीचे लग्न रँडॉल्फांच्याच घरात झाले, जावई पुढे व्हर्जिनियाचा गव्हर्नर झाला, नातवंडांनी माँटिसेलोची टेकडी भरून गेली.

इथे पहिले झाड संपते. या झाडात खोटे काही नाही. मात्र निम्मे झाड कापून टाकलेले आहे.

३

वेल्सच्या त्या १३५ गुलामांत एलिझाबेथ हेमिंग्ज नावाची बाई होती. तिला बेटी म्हणत. तिचा जन्म १७३५ च्या सुमाराचा. तिची आई आफ्रिकेतून आणलेली, बाप हेमिंग्ज आडनावाचा इंग्रज जहाजाचा कप्तान. घरात पिढ्यान्पिढ्या सांगितली गेलेली हकीकत अशी की, कप्तानाला आपली मुलगी विकत घ्यायची होती, पण वेल्सने नकार दिला. गोऱ्याकाळ्याच्या मिश्रणातून निपजलेले मूल कसे निघते हे त्याला पाहायचे होते. जित्राबाच्या पैदाशीकडे पाहावे तसे तो त्या पोरीकडे पाहत होता. पुढे तीच पोर मोठी झाली आणि वेल्सला तिच्यापासून सहा मुले झाली. सर्वांत धाकटी सॅली, जन्म १७७३.

आता दोन्ही झाडे शेजारी ठेवा. जेफरसनची बायको मार्था ही वेल्सची मुलगी. सॅली हीसुद्धा वेल्सची मुलगी. म्हणजे सॅली ही मार्थाची सावत्र बहीण, जेफरसनची मेहुणी. पण एक बहीण वारसा घेऊन आली आणि दुसरी वारशात मोजली गेली. बापाच्या मरणानंतर एकीच्या नावावर मालमत्ता झाली. त्याच मालमत्तेच्या यादीत दुसरी तान्ही पोर म्हणून होती.

हे कायद्याने घडले. इंग्लंडच्या जुन्या रिवाजाप्रमाणे मुलाची पायरी बापावरून ठरे. व्हर्जिनियाच्या कायदेमंडळाने १६६२ साली हा रिवाज काळ्या बाईच्या मुलापुरता उलटा केला आणि मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरेल असे लिहून टाकले. या एका ओळीने काय काय साधले पाहा. मालकाने गुलाम बाईच्या अंगावर हात टाकला तर त्याला शिक्षा नाही, जबाबदारी नाही, अन्नवस्त्राचा दावा नाही. उलट त्याच्या मालमत्तेत एका डोक्याची भर पडते. गोऱ्यांच्या घरात नाव, जमीन, मान बापाकडून मुलाकडे जातात. गुलामांच्या खोपटात आईकडून मुलाकडे जाते ती फक्त बेडी. म्हणून गोऱ्यांच्या झाडात बाया दिसत नाहीत आणि गुलामांच्या यादीत बाप दिसत नाही. वंशावळ रक्ताचा हिशेब आहे असे आपण समजतो. खरे तर तो मालकीचा हिशेब आहे.

आपल्याकडे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात संकरजातींची यादी आहे. कुठल्या वर्णाचा पुरुष, कुठल्या वर्णाची बाई, आणि त्यांच्या पोटचे मूल कोण, याचा तो तक्ता. ब्राह्मण बाई आणि शूद्र पुरुष यांचे मूल चांडाळ ठरते आणि गावाबाहेर जाते. जेफरसनने स्वतः १८१५ साली एका पत्रात असाच तक्ता मांडला आहे. माणूस काळ्याचा गोरा कधी होतो, असे कोणी विचारले होते. त्याने गोऱ्या-काळ्या रक्तासाठी अक्षरे घेऊन बीजगणित सोडवले आणि सांगितले की गोऱ्याशी तीन वेळा मिश्रण झाले, रक्त एक अष्टमांशावर आले, की माणूस गोरा. पण आई गुलाम असेल तर तो गोरा असूनही गुलामच. बेटीचे रक्त निम्मे, सॅलीचे पाव, सॅलीच्या मुलांचे एक अष्टमांश. त्या गणिताचे उत्तर त्याच्याच वाड्यात सुतारकाम करत होते, सूत कातत होते. पत्रात घराचा उल्लेख नाही. मनूचा तक्ता बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला जाळला. या तक्त्याला आग लागायला यादवी युद्ध व्हावे लागले.

४

१७८४ साली जेफरसन अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून पॅरिसला गेला. सॅलीचा भाऊ जेम्स याला फ्रेंच स्वयंपाक शिकवण्यासाठी बरोबर नेले. १७८७ साली धाकट्या मेरीला तिकडे बोलावले तेव्हा तिच्या सोबतीला सॅली गेली. मेरी नात्याने तिची भाची होती. सॅली तेव्हा चौदा वर्षांची, जेफरसन चव्वेचाळीस.

फ्रान्सच्या भूमीवर गुलामाला न्यायालयात जाऊन सुटका मागता येत होती. १७८९ साली परत निघण्याची वेळ आली तेव्हा सोळा वर्षांची सॅली गरोदर होती आणि तिने परत यायला नकार दिला, असे तिचा मुलगा मॅडिसन याने पुढे सांगितले. जेफरसनने तिला वचन दिले की तुला विशेष वागणूक मिळेल आणि तुझी मुले एकवीस वर्षांची झाली की स्वतंत्र होतील. या वचनावर ती परतली.

या संबंधावर तिकडे कादंबऱ्या झाल्या, चित्रपट झाले. कोणी त्याला प्रेमकथा म्हणाले. मला तो शब्द वापरवत नाही. जिला नाही म्हणण्याचा कायदेशीर हक्कच नाही तिच्या होकाराला काय म्हणायचे? ज्याच्या खिशात तिच्या मालकीचा कागद आहे, जो तीस वर्षांनी मोठा आहे, त्याच्यापुढे सोळा वर्षांची मुलगी उभी आहे. आपल्या खेड्यांत वाड्यावर कामाला जाणाऱ्या बायांच्या, देवाच्या नावाने सोडलेल्या मुरळ्यांच्या कहाण्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे सांगायला नको. पण सॅलीला नुसते दुबळे सावज ठरवणेही तिच्यावर अन्याय करणारे होईल. परक्या देशात, हातात काही नसताना, एका बलाढ्य माणसाशी तिने सौदा केला, आणि मागितले ते दागिने नव्हेत, पोटच्या पोरांचे स्वातंत्र्य मागितले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्याने लिहिला त्याच्याकडून तिने आपल्या मुलांपुरता जाहीरनामा तोंडी लिहून घेतला.

पॅरिसमधल्या त्या गरोदरपणातले मूल फार जगले नाही, असे मॅडिसन सांगतो. जेफरसनच्या शेतवहीवरून आणि इतर कागदांवरून सॅलीची सहा मुले आढळतात. पहिली हॅरिएट आणि एक मुलगी लहानपणी गेल्या. बेव्हर्ली (१७९८), दुसरी हॅरिएट (१८०१), मॅडिसन (१८०५) आणि एस्टन (१८०८) जगले. ही शेतवही १९५३ साली छापून निघाली. तिच्यात कोणाला किती कापड, किती मासळी, कोणाला कांबळे दिले, कोण कधी जन्मले याची नोंद मालकाच्या हातची आहे. सॅलीच्या नावाखाली तिची मुले आहेत. बापाचे नाव नाही. कांबळ्याची नोंद करायला त्याचा हात धजला, पण आपले नाव लिहायला धजला नाही.

१८०२ साली, जेफरसन अध्यक्ष असताना, जेम्स कॅलेंडर या पत्रकाराने रिचमंडच्या एका पत्रात सॅलीचे प्रकरण जाहीर केले. कॅलेंडरला काळ्यांचा कळवळा नव्हता. अध्यक्षाशी त्याचे वैर होते, आणि सॅलीविषयी त्याने घाणेरड्या शब्दांत लिहिले. जेफरसन जाहीरपणे काही बोलला नाही. मॅडिसन आणि एस्टन यांचा जन्म त्यानंतरचा आहे.

५

वचनाचे काय झाले?

१८२२ साली बेव्हर्ली आणि हॅरिएट माँटिसेलो सोडून गेले. जेफरसनने वहीत ते पळाले असे लिहिले, पण त्यांच्या मागे कोणाला धाडले नाही. मुकादम एडमंड बेकन याने पुढे सांगितले की मालकाच्या हुकुमावरून त्यानेच हॅरिएटला फिलाडेल्फियापर्यंतचे गाडीभाडे आणि पन्नास डॉलर दिले होते. दोघेही गोऱ्यांत मिसळून गेले.

४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्याला पन्नास वर्षे पुरी झाली त्याच दिवशी, जेफरसन मेला. हयातभरात त्याच्या मालकीचे सहाशेहून अधिक गुलाम होते. जिवंतपणी त्याने दोघांना कायदेशीर मुक्त केले, मृत्युपत्राने पाच जणांना. सातही माणसे हेमिंग्ज घराण्यातली. पाचांत मॅडिसन आणि एस्टन होते. मुक्त झालेल्याने बारा महिन्यांत व्हर्जिनिया सोडावा असा कायदा होता, म्हणून त्यांना राहू द्यावे अशी विनंतीही मृत्युपत्रात आहे. सॅलीचे नाव मृत्युपत्रात नाही. नाव घातले असते तर जगाला कबुली दिल्यासारखे झाले असते. मालमत्तेच्या मोजणीत त्रेपन्न वर्षांच्या सॅलीची किंमत पन्नास डॉलर लावली गेली. मालकाच्या मुलीने, म्हणजे सॅलीच्याच भाचीने, तिला अनौपचारिकपणे जाऊ दिले. मुलांबरोबर ती शार्लट्सव्हिल गावात राहिली आणि १८३५ साली वारली. तिची कबर कुठे आहे कोणाला ठाऊक नाही.

बाकीच्यांचे काय? कर्ज एक लाख डॉलरहून जास्त होते. जानेवारी १८२७ मध्ये माँटिसेलोवर १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. लोहार जो फॉसेट हा मुक्त झालेल्या पाचांतला, बेटी हेमिंग्जचा नातू. त्याची बायको एडिथ आणि मुले लिलावात वेगवेगळ्या मालकांकडे गेली. मृत्युपत्राने बाप मुक्त होतो आणि पोरे ठोकळ्यावर चढतात. त्यांतला अकरा वर्षांचा पीटर पुढे सिनसिनाटीला धर्मोपदेशक झाला.

जेफरसनच्या कबरीवरचा मजकूर त्याने स्वतः ठरवून ठेवला होता. त्यात तीन गोष्टी आहेत: तो स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक, व्हर्जिनियातील धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा लेखक आणि व्हर्जिनिया विद्यापीठाचा पिता. एका विद्यापीठाचे पितृत्व त्याने दगडावर कोरून मान्य केले.

६

मॅडिसन हेमिंग्ज सुतार होता. १८३६ साली तो ओहायो राज्यात गेला आणि काळा माणूस म्हणूनच जगला. १८७० च्या जनगणनेत मोजणी करणाऱ्याने त्याच्या नावाशेजारी हा टॉमस जेफरसनचा मुलगा आहे असा शेरा मारला. १८७३ च्या मार्च महिन्यात ओहायोतील एका छोट्या पत्राने त्याची हकीकत छापली. वर सांगितलेली बरीचशी कथा त्या हकीकतीतली आहे. तो म्हणतो की बाप सर्वांशी दयाळूपणे वागे, पण आम्हा मुलांना त्याने कधी बापाची माया दाखवली नाही. ती गोऱ्या नातवंडांसाठी होती. अक्षरे तो त्या गोऱ्या मुलांना गळ घालून शिकला. जेम्स मॅडिसनच्या बायकोने, माझे नाव ठेवा, मी भेट देईन, असे त्याच्या आईला सांगितले होते. भेट कधी आली नाही. बहीण हॅरिएट वॉशिंग्टनमध्ये एका गोऱ्याची बायको झाली. त्याचे नाव मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही, असेही तो म्हणतो. आयुष्यभर ज्याचे नाव दडवले गेले तो बहिणीच्या सुखासाठी दुसऱ्याचे नाव स्वतःहून दडवतो.

१८७३ हेच 'गुलामगिरी'चेही वर्ष. पुण्यात एक शूद्र लेखक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीला हात जोडत होता, त्याच वर्षी ओहायोत त्या गुलामांतला एक आपल्या मोठ्या बापाचे नाव सांगत होता. दोघांना एकमेकांची खबर असण्याचे कारण नाही. पण दोघांनाही एकच उत्तर मिळाले: तुमचे म्हणणे इतिहास नव्हे.

मॅडिसनच्या गावाजवळच्या दुसऱ्या पत्राच्या संपादकाने लिहिले की ही वंशावळ वळू घोड्याच्या जाहिरातीत छापतात तसली आहे. १८७४ साली जेफरसनच्या एका चरित्रकाराने त्याची साक्ष उडवून लावली. कशाच्या आधारावर? जेफरसनच्या गोऱ्या नातवंडांच्या सांगण्यावर. आता गंमत पाहा. थोरल्या नातवाने सांगितले, मुले जेफरसनचा भाचा पीटर कार याची. नातीने १८५८ च्या पत्रात लिहिले, दुसरा भाचा सॅम्युएल कार याची. दोघांची साक्ष एकमेकांशी जुळत नाही. तरी ती पुरावा ठरली, कारण ती कुलीनांची होती. मॅडिसनची साक्ष वहीतल्या तारखांशी जुळते. तरी ती गप्पा ठरली, कारण तो गुलाम बाईचा मुलगा होता.

सहा खंडांचे चरित्र लिहिणाऱ्या ड्यूमस मलोन यांनी जेफरसन कोणत्या दिवशी कुठे होता याचा तपशील काढला. त्याच तपशिलावरून विन्थ्रॉप जॉर्डन यांनी १९६८ साली दाखवले की सॅलीच्या प्रत्येक बाळंतपणाच्या नऊ महिने आधी जेफरसन माँटिसेलोवर होता. मलोन मात्र शेवटपर्यंत नाही म्हणत राहिले. अशा थोर पुरुषाच्या स्वभावात हे बसत नाही म्हणाले. १९७४ साली फॉन ब्रोडी या बाईंनी जेफरसनच्या चरित्रात मॅडिसनची बाजू घेतली, तेव्हा विद्वान त्यांच्यावर तुटून पडले. १९९७ साली अॅनेट गॉर्डन-रीड या काळ्या कायदेपंडित बाईंनी वेगळाच मुद्दा काढला. मूल कोणाचे यापेक्षा त्यांनी असे विचारले की, इतिहासकारांनी साक्षी तपासल्या कशा? गोऱ्यांची साक्ष एका मापाने आणि काळ्यांची दुसऱ्या मापाने का मोजली? पुराव्याचा कायदा जाणणाऱ्या बाईने इतिहासकारांनाच पिंजऱ्यात उभे केले.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९८ मध्ये, 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात डॉ. यूजीन फॉस्टर आणि सहकाऱ्यांची डीएनए तपासणी प्रसिद्ध झाली. जेफरसनच्या चुलत्याच्या पुरुषवंशातल्या माणसांचे रक्त एस्टनच्या पुरुषवंशातल्या माणसाशी जुळले. कार घराण्याशी जुळले नाही. दीडशे वर्षे सांगितलेली भाच्यांची कथा एका थेंबात बुडाली. या तपासणीने जेफरसन कुळातला पुरुष एवढेच सिद्ध होते, जेफरसनच असे नव्हे. त्यासाठी तारखा आणि साक्षी जोडाव्या लागतात. ते सारे जोडून जानेवारी २००० मध्ये माँटिसेलो सांभाळणाऱ्या संस्थेने सहाही मुले बहुधा जेफरसनचीच असा निष्कर्ष दिला. २००१ साली दुसऱ्या एका विद्वानांच्या समितीने जेफरसनचा भाऊ रँडॉल्फ याच्याकडे बोट दाखवले. १९९८ पूर्वी हा भाऊ कोणाला फारसा आठवला नव्हता, हे विसरून चालणार नाही.

आणि आपल्या बाजूनेही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. वुडसन नावाचे दुसरे एक काळे घराणे आपला मूळ पुरुष सॅली आणि जेफरसनचा मुलगा असे पिढ्यान्पिढ्या सांगत आले. त्यांचे रक्त जुळले नाही. म्हणजे दडपलेल्यांची आठवण आपोआप खरी ठरते असे नाही. तीही तपासावी लागते. आमचे म्हणणे एवढेच की तपासा. ऐकण्याआधीच कचऱ्यात टाकू नका.

७

या दोन झाडांचे पुढचे फाटे पाहिले की माझे मन सुन्न होते. जेफरसनचा गोरा नातू जॉर्ज विथ रँडॉल्फ हा १८६२ साली दक्षिणेच्या सरकारचा युद्धमंत्री झाला. मॅडिसनचे दोन मुलगे उत्तरेच्या सैन्यात गेले. त्यांतला टॉमस एस्टन शत्रूच्या कैदेत मेला. एका आजोबाचे नातू गुलामगिरीच्या दोन्ही बाजूंना उभे होते.

एस्टनची वाट आणखी वेगळी. तो १८५२ साली विस्कॉन्सिन राज्यात गेला, हेमिंग्ज आडनाव टाकून जेफरसन झाला आणि गोरा म्हणून राहिला. त्याचा मुलगा जॉन वेल्स जेफरसन गोऱ्यांच्या पलटणीत वरच्या हुद्द्यावर चढला. ओहायोतला एक जुना ओळखीचा युद्धात भेटला, तेव्हा माझ्या अंगात काळे रक्त आहे हे कोणाला सांगू नको, अशी त्याने गयावया केली. हे वाचताना मला शहरात भाड्याची खोली मिळवण्यासाठी आडनाव बदललेले, गावच्या माणसाला पाहून रस्ता ओलांडणारे आपले किती तरी लोक आठवले. मी त्यांना नावे ठेवत नाही. पण किंमत काय पडते पाहा. मॅडिसनचे वंशज काळे राहिले, म्हणून त्यांनी आठवण जपली. त्याचा नातू फ्रेडरिक रॉबर्ट्स १९१८ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळावर निवडून आलेला पहिला काळा माणूस ठरला. एस्टनच्या वंशजांना गोरेपण मिळाले, पण आपण कोण हे ते विसरले. त्यांच्या घरात आपण जेफरसनच्या चुलत्याचे वंशज अशी गोष्ट सांगितली जाई. ब्रोडी यांच्या पुस्तकामुळे त्यांना आपली खरी आजी कळली.

डीएनएचा निकाल लागल्यावर हेमिंग्ज वंशजांनी माँटिसेलोवरच्या घराण्याच्या कबरस्तानात जागा मागितली. ते कबरस्तान गोऱ्या वंशजांच्या मंडळाकडे आहे. त्या मंडळाने २००२ साली मोठ्या बहुमताने नकार दिला. प्रथम मला संताप आला. नंतर वाटले, त्या कुंपणाच्या आत जागा कशाला हवी? आपल्याकडेही एकेकाळी आम्ही मूळचे क्षत्रिय, काही कारणाने पतित झालो, असे सांगणारे अर्ज सरकारदरबारी गेले होते. मालकाच्या झाडाला आपली फांदी जोडून माणूसपण मिळेल असे तेव्हा वाटले. मिळाले नाही. मात्र त्या हेमिंग्ज वंशजांना मी चूक म्हणणार नाही. बापाच्या शेजारी झोपण्याचा हट्ट वेगळा, आणि बाप होता एवढे कबूल करा ही मागणी वेगळी. दुसरी मागणी न्यायाची आहे. माँटिसेलोवर १९९३ पासून गुलामांच्या वंशजांच्या आठवणी गोळा करण्याचे काम चालले, आणि २०१८ साली तिथे सॅलीच्या नावाचे दालन उघडले. ते मला कबरीतल्या जागेपेक्षा मोठे वाटते. जेफरसनच्या झाडात सॅलीला बसवण्याऐवजी बेटीपासून सुरू होणारे झाड तिथे स्वतःच्या मुळांवर उभे राहिले.

नातीची वंशावळ मी कचेरीत दिली. नियमाप्रमाणे तिच्यात फक्त पुरुष आहेत. पण घरी येऊन मी दुसरा कागद घेतला आणि आठवतात तेवढ्या बायांची नावे लिहिली. आई, आजी, आजीची आई. पुढे आठवेना. मग गावी जाऊन वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसलो. तिने आणखी एक नाव दिले आणि त्या नावामागची हकीकत सांगितली. ती इथे लिहीत नाही, तिच्यातली माणसे हयात आहेत. कुठल्याही कचेरीला तो कागद चालणार नाही. मॅडिसनचाही चालला नव्हता. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बाया अजून बोलत आहेत तोवर प्रत्येकाने असा एक कागद लिहून ठेवावा, एवढेच मला सांगायचे आहे.